शब्दाला शब्द

नेरोमिली, ग्रीस, १५ जानेवारी १९८९

एवांथिया आत्या,

पार्सल उघडून आत जीवशास्त्राचं पुस्तक बघितलंस आणि वाटलं असेल की पोरीने पत्ता चुकवला. चुकवला नाही. पुस्तक तुझ्यासाठीच आहे. मागच्या वर्षीच्या एका मुलीकडून मागून घेतलंय, समासात तिने काढलेल्या बदामांकडे लक्ष देऊ नकोस.

जूनमध्ये माझी प्रवेश परीक्षा. मला डॉक्टर व्हायचंय हे तुला ठाऊक आहे. बाबा म्हणतात, एकदाच बसायचं. जमलं तर सालोनिकाला मेडिकलला जा, नाही तर जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या खिडकीवर जागा आहे. शिकवणीचे वर्ग कार्दित्साला, आणि वर्ग सुटायच्या आधी गावाची शेवटची बस सुटते. म्हणजे मी आणि पुस्तक, दोघंच.

आता अडचण ऐक. आमचे सर म्हणतात, तपासणारा डाव्या हातात पुस्तक धरतो आणि उजव्या हातात पेन. आपल्या शब्दांत लिहिलेलं कितीही खरं असो, त्याला ते पुस्तकात सापडलं नाही की गुण गेले. म्हणून पाठांतर शब्दाला शब्द हवं, आणि ते तपासायला कुणी तरी हवं. आईला म्हणून दाखवते तर ती सगळ्यालाच छान म्हणते. परवा मी मुद्दाम यकृत कवटीत घातलं. तरी म्हणाली, छान, आता जेवून घे. फोनवर तुला म्हणून दाखवलं असतं, पण फोन कॅफेत, आणि पत्ते खेळणारे सगळे कान देऊन बसलेले. मागे मी मैत्रिणीला गर्भाशयाबद्दल विचारत होते तर कॅफेवाल्याने हातातला फोनच काढून घेतला.

तू दिवसभर कारखान्यात नमुन्याचा मोजा एका हातात धरून दुसऱ्या हाताने बाकीचे मोजे तपासतेस. एक टाका सुटलेला तुला दिसतो. मी दर पंधरा दिवसांनी उत्तरं लिहून पाठवीन, तू पुस्तकाशी ताडून परत पाठव. करशील ना?

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की तिची सहावी झालेली, तिला कशाला ताप. मग थोड्या वेळाने परत विचारलं, दुसरं कुणी मिळालं नाही का. मी म्हटलं, नाही.

पेशीवरची दहा उत्तरं सोबत आहेत.

तुझी असिमिना


वुपर्टाल, जर्मनी, ४ फेब्रुवारी १९८९

काय गं असिमिना,

पुस्तक मिळालं, उत्तरं मिळाली, आणि तुझं अक्षर वाचून डोळे गेले. डॉक्टर व्हायच्या आधीच डॉक्टरांसारखं लिहायला कुणी सांगितलंय तुला?

तुझा बाप म्हणतो ते खरं आहे, माझी सहावी झालेली. पण ताडून बघायला शिक्षण लागत नाही, संशय लागतो, आणि तो माझ्याकडे भरपूर आहे. दहापैकी सहा बरोबर. चार तू बिघडवलीस. प्रश्न तिसरा बघ. पेशीपटल 'काही पदार्थांना' आत सोडतं असं लिहिलंस. पुस्तकात आहे 'निवडक पदार्थांना'. काही म्हणजे कुणीही. निवडक म्हणजे तुझ्या आजीने दारात उभं राहून नखशिखांत बघून घेतलेले. आजी ज्याला आत घेत नसे तो उंबऱ्यावरूनच परत जायचा, हे लक्षात ठेव, म्हणजे पेपरात चुकणार नाहीस. आणि सातव्यात तंतुकणिका ऊर्जा 'तयार करते' म्हणतेस. तयार नाही, 'मुक्त करते'. अर्धा गुण कापलाय. रडू नकोस.

मला वाटलं होतं की वाचता वाचता झोप लागेल. उलट काल जेवण करपलं. एवढं सगळं आपल्या आत चाललेलं असतं आणि आपण आपले मोजे तपासत बसतो.

इकडचं म्हणशील तर लुकासने नवीन वर्षाचा केक कापताना मला पुन्हा विचारलं. तोच एपिरसचा लुकास, इथल्या रुळाखाली लटकत धावणाऱ्या आगगाडीची चाकं दुरुस्त करतो तो. तिसरं वर्ष विचारण्याचं. मी पुन्हा नाही म्हटलं. माणूस वाईट असता तर एव्हाना हो म्हणून मोकळी झाले असते. चांगला आहे, मुलांसाठी जीव टाकतो, म्हणूनच नाही म्हणते. तू यावर काही लिहू नकोस. पुढची उत्तरं पाठव, आणि सुवाच्य.

आत्या


नेरोमिली, २६ फेब्रुवारी १९८९

आत्या,

'निवडक' आता मरेपर्यंत विसरणार नाही. वर्गात सरांनी विचारलं तेव्हा डोळ्यांपुढे आजी काठी घेऊन उभी राहिली आणि मी धडाधड म्हणून दाखवलं. सरांनी विचारलं, कुणाकडे शिकवणी लावलीस. मी म्हटलं, जर्मनीत.

या खेपेला हृदय आणि रक्ताभिसरण आहे, आणि आनुवंशिकतेची पहिली बारा. आनुवंशिकतेची उदाहरणं सरांना फार आवडतात, पेपरात एक तरी येतंच म्हणतात. आई-बापाकडून मुलांत काय उतरतं ते चार घरांत मांडायचे चौकोन त्यात आहेत, ते नीट तपास, एक अक्षर इकडचं तिकडे गेलं की सगळं मुसळ केरात.

शाळेत डॉक्टर मंडळींची गाडी आली होती. शेवटच्या वर्गातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. का म्हणून विचारलं तर म्हणाले, तुमच्याच धड्यातली गोष्ट आहे, निकाल महिन्याभरात देऊ.

आणि लुकासबद्दल लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. फक्त विचारते. चांगला आहे म्हणून नाही म्हणतेस, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

असिमिना


वुपर्टाल, १४ मार्च १९८९

असिमिना,

आगाऊपणा तू नक्की आजीकडून घेतलास.

हृदयात दोन चुका, लाल खुणा केल्यात. पण आनुवंशिकता मात्र, काय सांगू, बारापैकी बारा. विशेषतः नववा प्रश्न. 'थॅलेसेमियात आई-वडिलांपैकी एक वाहक व दुसरा निरोगी असल्यास, एकही अपत्य आजारी होत नाही. प्रत्येक अपत्य वाहक असण्याची शक्यता निम्मी असते.' स्वल्पविरामासकट बरोबर. पूर्ण गुण, वर माझ्याकडून शाबासकी. वाहक म्हटल्यावर मला आधी बसमधला तिकीट फाडणारा आठवला, म्हटलं हा कुठून घुसला रक्तात. मग पुढे वाचल्यावर कळलं की हा बिचारा नुसता वाहून नेतो, स्वतःला काही होत नाही. आजाराच्या नावात 'थालासा', म्हणजे आपला समुद्र, दिसतोय. आपल्याकडे समुद्र कुठला, कापूस आहे. म्हणजे आपली यातून सुटका असावी.

लुकासचं विचारलंस. मी अडतीस वर्षांची आहे. तो रविवारी बागेत दुसऱ्यांच्या पोरांना झोके देत बसतो. त्याला मूल हवंय आणि माझ्यापासून होणारं मूल जगणार नाही. हे मला एकोणीस वर्षांपूर्वी कळलंय. त्याला मी खरं कारण सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर तो म्हणेल चालेल, आणि मग आयुष्यभर दुसऱ्यांच्याच पोरांना झोके देईल. झालं समाधान? आता परत विचारू नकोस आणि आईला बोलू नकोस.

आत्या


नेरोमिली, २ एप्रिल १९८९

आत्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. विचारू नकोस म्हणालीस, पण 'जगणार नाही' म्हणजे काय, आणि कुणी सांगितलं? आईला विचारलं नाही. तिला माहीत असेल असं वाटतही नाही.

रक्ताचा निकाल आला. वर्गात चौघांना डाग निघाला, त्यात मी एक. डॉक्टरीण बाई म्हणाल्या की घाबरायचं कारण नाही, फक्त लक्षात ठेवा. आम्ही चौघं आता एकमेकांना डागाळलेले म्हणून हाक मारतो. सरांना ते आवडत नाही.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, हे आलं कुठून. बाबांच्या हातातला काटा तसाच राहिला. गावात कुणाजवळ बोलायचं नाही एवढं म्हणाले आणि ताट सोडून उठले. पेरणीचे दिवस आहेत, दमलेले असतात. पण ताट सोडून उठलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

उत्सर्जनसंस्था आणि चेतासंस्था सोबत आहे.

असिमिना


वुपर्टाल, ११ एप्रिल १९८९

असिमिना,

उत्तरं तपासली नाहीत. तशीच बाजूला ठेवलीत.

तुला डाग आहे. माझ्या नंतर तुलाच यायचा होता. आता नीट ऐक आणि डागाळलेले म्हणून खिदळणं आजपासून बंद कर. मी तुला सगळं सांगते, कारण तुझा बाप सांगणार नाही.

१९७० साली मी एकोणीस वर्षांची होते. झिसिसशी माझी सोयरीक झाली होती, अंगठी झाली होती. त्या वसंतात गावात डॉक्टरांची माणसं आली, काचेच्या नळ्या घेऊन. सगळ्या तरुण पोरापोरींचं रक्त घेतलं. निकाल घ्यायला आम्ही मुली गेलो नाही, घरचे पुरुष गेले. दादा गेला, म्हणजे तुझा बाप. तो परत यायच्या आधी गावात बातमी पोचली होती, कारण रांगेत त्याच्या मागे झिसिसची मावशी उभी होती आणि खिडकीतल्या नर्सने मोठ्याने सांगितलं होतं की मुलीला डाग आहे. 'डाग', असिमिना. आपल्या गावात एखाद्या मुलीला डाग आहे म्हणजे लोक काय समजतात ते तुला सांगायला नको. अर्ध्या गावाला रक्ताचं काही कळलंच नाही. त्यांना वाटलं, डॉक्टरांनी भलतंच काही शोधून काढलं.

आई दादाला म्हणाली, नीट सांग काय म्हणाली ती. आपण त्या लोकांकडे जाऊन समजावू. दादा म्हणाला, समजावण्यासारखं काही नाही, हिला होतील ती पोरं मरतील. मी दाराशी उभी राहून ऐकलं. तिसऱ्या दिवशी अंगठी परत आली, मी झिसिसच्या आईसाठी भरलेल्या टेबलक्लॉथमध्ये बांधून. शरद ऋतूत दादाचं तुझ्या आईशी लग्न झालं. मी त्या लग्नात नाचले, आणि दुसऱ्या आठवड्यात जर्मनीची गाडी पकडली.

म्हणून लुकासला नाही म्हणते. म्हणून तुला सांगते, डॉक्टर हो, दुसऱ्यांची पोरं बरी कर, पण लग्नाच्या भानगडीत पडू नकोस. कुणी आवडला तर आधी मला लिही, मी तुला त्याच्यापासून परावृत्त करीन. मला त्याची सवय आहे.

तुझ्यासाठी मला फार वाईट वाटतंय, पोरी.

आत्या


नेरोमिली, २० एप्रिल १९८९

आत्या, आत्या,

तास चालू आहे आणि मी बाकाखाली हे लिहितेय. सरांनी पाहिलं तर पाहू दे.

नववा प्रश्न. तू स्वतः पूर्ण गुण दिलेस. तुझ्या हातची लाल खूण माझ्यासमोर आहे. परत वाच आणि 'वाहक' आहे तिथे 'डाग' घाल. ते दोन्ही एकच आहे. पुस्तकात ज्याला वाहक म्हणतात त्यालाच आपल्याकडे डाग म्हणतात. पुस्तक लिहिणाऱ्याला आपला शब्द लिहायची लाज वाटली असावी, आणि मलाही सांगायचं सुचलं नाही, कारण मला वाटलं तुला माहीत असेल.

आता शब्दाला शब्द. एकाला डाग असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर एकही मूल आजारी होत नाही. एकही नाही. दोघांनाही डाग असेल तरच प्रश्न येतो, आणि तेव्हासुद्धा चारात एक. तुला डाग आहे, आजार नाही. झिसिसला डाग नसता तर तुझी सगळी मुलं झिसिससारखीच बैलाच्या ताकदीची झाली असती. त्याचं रक्त कुणी तपासलं होतं का? लुकासचं तपासलंय का?

अजून एक आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. तू लिहिलंस, हिला होतील ती पोरं मरतील, असं बाबा म्हणाले. आमचा धाकटा झाला तेव्हाचं आईचं इस्पितळातलं कार्ड मला कपाटात सापडलं. त्यावर लिहिलंय, आईला डाग नाही. मला आहे. मग तो काही आकाशातून पडला नाही. मला तो बाबांकडून आला. म्हणजे बाबांनाही डाग आहे. आणि त्या दिवशी गावातल्या सगळ्या तरुणांचं रक्त घेतलं होतं असं तूच लिहितेस.

त्यांना माहीत होतं का, हे मला माहीत नाही. मी विचारणार आहे. ईस्टरला घरी सगळे असतील, तेव्हा नाही. त्याच्या आधी. मला भीती वाटते.

असिमिना


नेरोमिली, १४ मे १९८९

एवांथिया,

लिहायची सवय नाही. चुकलं तर समजून घे.

मुलीने माझ्यासमोर पुस्तक उघडून ठेवलं आणि विचारलं, बाबा, तुम्हाला १९७० साली किती कागद मिळाले, एक की दोन. मी शेतावर निघून गेलो. ईस्टरला चर्चमध्ये तिच्या शेजारी मेणबत्ती घेऊन उभा होतो तेव्हा तिने पुन्हा विचारलं नाही. म्हणून लिहितो.

दोन कागद होते. एक तुझा, एक माझा. दोन्हीवर डाग.

नर्स म्हणाली, हिला डाग आहे, आजार नाही, नवऱ्यामुलाला पाठवा, त्याला नसेल तर काही भीती नाही. 'डाग' तिने मोठ्याने म्हटलं आणि बाकीचं खालच्या आवाजात. झिसिसच्या मावशीने पहिलंच ऐकलं. मी सगळं ऐकलं. मग नर्सने माझा कागद दिला आणि तेच सांगितलं.

पोलिक्सेनीचा बाप, माझा सासरा, कसा होता तुला माहीत आहे. एकदा नाही म्हणून झालं होतं, मुश्किलीने हो म्हणाला होता. मी वाटेत विचार केला. तुझं तर गावभर झालंच आहे. मी आईला पूर्ण सांगितलं तर ती पहिलं विचारील की मग तुझं काय. आई गप्प बसणारी नव्हती, ती झिसिसच्या घरी जाऊन सगळ्या घराण्याचं रक्त मांडून आली असती. मग माझंही मोडलं असतं. दोघांचं मोडण्यापेक्षा एकीचं मोडलेलं बरं असं तेव्हा वाटलं. दोन्ही कागद चुलीत टाकले. पोरं मरतील हे मी माझ्या मनचं घातलं, म्हणजे आई पुढे बोलणार नाही.

असिमिना झाली आणि धडधाकट निघाली, तेव्हा नर्स खरं बोलली होती हे मला पक्कं कळलं. तेव्हा तू वीस-एकवीसची होतीस. तेव्हा लिहायला हवं होतं. दर वर्षी वाटायचं, आता उशीर झाला. दर वर्षी उशीर वाढत गेला.

तू दर नाताळाला आम्हा सगळ्यांना मोजे पाठवायचीस. मी माझे कधी घातले नाहीत. मला जमलंच नाही.

माफी मागायला तोंड नाही. जे झालं ते लिहिलं.

स्तेर्गिओस


नेरोमिली, १८ जून १९८९

आत्या,

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. मी तीन पाठवली. चेतासंस्थेची उत्तरंही परत आली नाहीत, मी ती सरांकडून तपासून घेतली. ते फार दयाळू आहेत, तुझ्यासारखं कुणी तपासत नाही. बाबांनी तुला लिहिलंय हे मला माहीत आहे, पाकीट त्यांनी माझ्याकडूनच चिकटवून घेतलं. आत काय होतं ते मला नंतर कळलं, कारण त्यांनी आईलाही सांगितलं. जेवताना सांगितलं, आमच्यासमोर. आई मसूर वाढत होती. तिने पळी भांड्यात ठेवली आणि म्हणाली, "मी लग्न तुझ्याशी केलं होतं की तुझ्या रक्ताशी? मला विचारायचंस तरी." आता ती त्यांच्याशी फक्त कापसाचं आणि पाण्याचं बोलते. मी त्यांच्याशी बोलते की नाही हे मला सांगता येत नाही. मध्येच बोलते, मध्येच आठवतं.

परीक्षा झाली. जीवशास्त्राच्या पेपरात शेवटचा प्रश्न काय आला असेल? आई आणि वडील दोघंही थॅलेसेमियाचे वाहक. अपत्य आजारी असण्याची शक्यता सांगा व कारण द्या. मी चौकोन काढला आणि पुस्तकात आहे तसं लिहिलं, चारात एक. एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. मग मला रडू आलं, आणि पर्यवेक्षक बाईंना वाटलं की मला उत्तर येत नाही. त्यांनी पाणी दिलं.

पास होईन असं वाटतंय. पण मला ते आधी तुलाच सांगायचं होतं आणि तू गप्प आहेस. रागावली असशील तर रागावून लिही. मी तुला ते सांगायला नको होतं का? तू सुखात होतीस असं नाही, पण निदान तुला वाटत होतं की दुसरा मार्गच नव्हता. तेवढंही मी काढून घेतलं, असं मला अभ्यासाच्या मध्येच वाटायचं.

असिमिना


वुपर्टाल, २ जुलै १९८९

माझ्या असिमिना,

तू काही काढून घेतलं नाहीस. हे आधी, बाकीचं नंतर.

मी रागावले होते, तुझ्यावर नाही. एप्रिलमध्ये तुझं पत्र आलं तेव्हा मी नववा प्रश्न काढून बसले. माझीच लाल खूण, माझंच 'शाबास'. स्वतःच्या आयुष्याला मी पूर्ण गुण देऊन बसले होते आणि मला पत्ता नव्हता. खरं वाटेना. मग इथल्या एका ग्रीक डॉक्टरकडे गेले आणि एवढंच विचारलं. त्याला उत्तर द्यायला अर्धं मिनिट लागलं. वर म्हणाला, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? बाहेर येऊन मी जिन्यात बसले. लोक मला ओलांडून जात होते.

मग तुझ्या बापाचं पत्र आलं. त्यानंतर मी कुणालाच लिहू शकले नाही. कारखान्यात तीन दिवस माझ्या हातून फाटके मोजे पुढे गेले, मुकादमीण म्हणाली तुला काय झालंय. मी म्हटलं, भावाचं पत्र आलंय. ती म्हणाली, कुणी गेलं का? मी म्हटलं, हो.

झिसिसचा मी विचार केला, खोटं कशाला सांगू. पण झिसिसला सुई टोचून घ्यायला कुणी अडवलं नव्हतं. अंगठी त्याच्या आईने पाठवली तेव्हा तो घरातच होता. त्यालाही मी आता सोडून दिलं.

गेल्या रविवारी लुकासला सगळं सांगितलं, त्याच्या स्वयंपाकघरात. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर उठला आणि कोट घालायला लागला. मी म्हटलं, कुठे निघालास? म्हणाला, उद्या पहाटे दवाखाना उघडतो, रक्त देऊन येतो, मग तू ठरव. मी म्हटलं, बस खाली. एकदा माझं एका कागदाने ठरवलंय, पुन्हा ठरवू देणार नाही. मी हो म्हणतेय. आता जायचं तर जा.

तो सोमवारी गेला. शुक्रवारी कागद आला. तुझ्या पेपरातला प्रश्न माझ्या घरी आलाय, असिमिना. त्यालाही डाग आहे. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं आणि तो एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडला, म्हणाला, आता तू नाही म्हणशील. मी त्याला तुझा चौकोन काढून दाखवला. मी सहावी पास बाई, त्याला आनुवंशिकता शिकवत होते. चार घरं, एक आजारी, दोन आपल्यासारखी, एक अगदी स्वच्छ. डॉक्टर म्हणतो की अथेन्समध्ये आता मूल पोटात असतानाच तपासतात, भीती बाळगून नऊ महिने काढावे लागत नाहीत. माझं वय झालंय, मूल होईल की नाही तेच कुणी सांगू शकत नाही. पण लुकासला चारात एक ऐकून घाम फुटला आणि मला हसू येत होतं. त्याला कसं समजावू? मी एकोणीस वर्षं चारात चार धरून चालले होते.

लग्न सप्टेंबरात, इथल्या चर्चमध्ये. तू ये, निकाल काहीही लागो. पोलिक्सेनी वहिनीला आण, तिला म्हणावं की तिने पळी ठेवून जे म्हटलं ते मला फार आवडलं.

आणि तुझ्या बापाला सांग की त्यानेही यायचं. मी माफ केलंय म्हणून नाही. ते अजून झालेलं नाही, आणि होईल की नाही मला माहीत नाही. पण पाद्री विचारील की मुलीकडून कोण आहे, तेव्हा तिथे उभं राहायला माझं दुसरं कुणी नाही.

तुझी आत्या